नाव नोंदले, पुढे काय?



बाप्तिस्म्याचा दाखला मागितला की आम्ही वहीतले नाव शोधून तो देतो. पण नाव नोंदले म्हणजे तारण झाले का?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या. तरीही सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त अजून भेटायचा आहे.

मग त्यांचा बाप्तिस्मा वाया गेला का? नाही. तारण हे आपल्या पुण्याईचे वेतन नव्हे, ते देवाचे दान आहे. तान्हे बाळ काहीच कमावू शकत नाही, तरी ख्रिस्तसभा त्याला बाप्तिस्मा देते, ती याच श्रद्धेने. मात्र दिलेले दान हात पुढे करून घ्यावे लागते. आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी श्रद्धेचा होकार दिला. तो आपला स्वतःचा केव्हा होणार?

पास्काच्या रात्री हाती मेणबत्ती धरून आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतो. पुढच्या वेळी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबूया, आणि मगच मनापासून ‘होय’ म्हणूया.