गाऱ्हाणे आणि कौल

कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले, की मागाहून कौल घेतात. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, यावर होकार-नकार ठरतो. कुणाची त्यावर श्रद्धा असेल, कुणाची नसेल; पण आपले म्हणणे कानी गेले, एवढे तरी माणूस घरी घेऊन जातो. गंमत अशी, की निवडणुकीतल्या मतालाही आपण कौलच म्हणतो. तिथे मात्र क्रम उलटा. कौल आधी आपण द्यायचा आणि गाऱ्हाणे पुढची पाच वर्षे घालीत राहायचे.

हल्ली आमदार-खासदारांचे दर्शन दुर्मिळ राहिलेले नाही. भूमिपूजने, हारतुरे, वाढदिवस, सारे फोनवर घरबसल्या दिसते. त्या छायाचित्राखाली एखाद्याने गल्लीतल्या गटाराविषयी दोन ओळी लिहिल्या, तर त्या हात जोडल्याच्या शेकडो चित्रांत गडप होतात. फारच टोचणाऱ्या असल्या तर लिहिणाऱ्यालाच ‘ब्लॉक’ करतात. पूर्वी सारे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. बंगल्याच्या पडवीत ताटकळणे आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे ठरलेले उत्तर कुणाला नवे होते? तरी कचेरीत दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मिळे. तो कागद जपून ठेवणाऱ्याला महिन्याने पुन्हा जाऊन ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारता येई. फोनवरच्या त्या दोन ओळींना आवक क्रमांक नसतो.

पण मुळात प्रतिनिधी मतदाराला उत्तराचे देणे लागतो का? १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे एडमंड बर्क याने सांगितले, की प्रतिनिधी हा हुकमाचा ताबेदार नव्हे. त्याने स्वतःच्या विवेकबुद्धीने मत द्यावे. हे म्हणणे पुढारी सोयीने आठवतात. त्याच भाषणात मतदारांशी निकटचा आणि मोकळा संबंध ठेवण्यात प्रतिनिधीची धन्यता आहे असेही तो म्हणाला होता, ते सहसा कुणी सांगत नाही. खुद्द बर्कलाही ते जमले नाही. हा गावाकडे फिरकत नाही, ही ब्रिस्टलकरांची तक्रार होती आणि १७८० साली त्याला तिथल्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. मला त्याची दोन्ही म्हणणी एकत्रच पटतात. लोकांचे ऐकून घेऊन वेगळे मत दिले तर तो विवेक. न ऐकताच दिले तर त्याला विवेक कसे म्हणावे?

एका लोकसभा मतदारसंघात १५-२० लाख मतदार असतात. प्रत्येकाला उत्तर हवे म्हणणे हाही अन्यायच होईल. तथापि किती अर्ज आले, कशाविषयी आले, पुढे कोणत्या खात्याकडे गेले, एवढे लोकांपुढे मांडणे अवघड नाही. वाढदिवसाची छायाचित्रे टाकणारी माणसे पगारी असतातच.

प्रतिनिधीच्या कामाचा मागोवा घेणेही वाटते तितके सोपे नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न घेतले जातात. ते व त्यांची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात, पण हिंदी-इंग्रजीत. हजेरीचे आकडे पाहावेत तर मंत्री हजेरीपटावर सहीच करीत नाहीत. आपल्या सीमाभागात अडचण आणखी एका पायरीची. विधानसभेचे कामकाज कन्नडमध्ये चालते. घटनेच्या २१० व्या कलमाप्रमाणे राज्यभाषा, हिंदी वा इंग्रजी नीट न येणाऱ्या सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात. ऐकणाऱ्या मतदाराच्या भाषेविषयी त्यात काही नाही. मग आजोबांना आमदार काय बोलले हे कन्नड शाळेत शिकणारी नात सांगते. घर दुभाषी असल्याचा हा फायदाच; पण नात परीक्षेत गुंतली असेल, तर आजोबांचे नागरिकत्व तेवढे दिवस स्थगित.

३५० वे कलम थोडे उदार आहे. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते देते, म्हणजे मराठी अर्ज भाषेपायी परत करता येत नाही. मात्र तो हक्क अधिकाऱ्यांपुढे आहे, प्रतिनिधीच्या फोनपुढे नाही. आणि उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी कलम गप्प आहे. बेळगावात २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभे राहिले. तिथे अधिवेशन भरते तेव्हा जिल्ह्यातले सगळे आमदार गावाच्या वेशीवर आलेले असतात, आणि त्यांची छायाचित्रे रोज फोनवर पाहणारी माणसेही निवेदनाच्या दोन प्रती घेऊन रस्त्याकडेला उन्हात उभी राहतात.