थांबणें हा शाप कीं कृपा?

मनुष्य म्हातारा कां होतो, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु आपल्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें तो रोज नव्यानें विचारला जातो. देवानें जें केलें तें उत्तम केलें, असें आपण आपल्या मुलांस शिकवितों. तर मग त्यानेंच घडविलेल्या शरीरांत झिजणें, थकणें व थांबणें त्यानें कां ठेविलें? आणि एखादी तरुण माता कर्करोगानें मंडळींतून उचलली गेली, म्हणजे हाच प्रश्न अधिक कठोर होऊन उपदेशकाच्या दारीं येतो. कोणी म्हणतो, हें तिच्या पापाचें फळ; कोणी म्हणतो, तिचा विश्वास उणा पडला. शरीरशास्त्राच्या शोधांनीं ह्या गोष्टीवर जो प्रकाश पाडला आहे, तो वाचकांपुढें ठेवून, ख्रिस्ती मनुष्यानें त्यावरून काय समजावें व काय समजूं नये, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. भिंत विटांची असते, तसेंच हें. परंतु वीट निर्जीव व पेशी सजीव. एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. म्हणूनच बालक वाढतें व विळ्यानें कापलेलें बोट भरून येतें. हें दुपटीचें काम कधीं संपतें कीं नाहीं? न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें आलेक्सी कॅरेल ह्यानें १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी कांचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला. त्या १९४६ सालापर्यंत जगविण्यांत आल्या. तेव्हां विद्वानांनीं असा सिद्धांत धरिला कीं, पेशी स्वभावतः अमर आहे.

हा सिद्धांत १९६१ सालीं डळमळला. फिलाडेल्फिया येथील विस्टार इन्स्टिट्यूटमधील लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड ह्यांस असें आढळलें कीं, मनुष्याच्या निरोगी पेशी सुमारे ५० वेळां दुपटतात व मग थांबतात. त्या लागलीच मरत नाहींत. जिवंत राहतात, परंतु पुन्हा विभागत नाहींत. हा पात्राचा किंवा अन्नरसाचा दोष असेल, ही शंका हेफ्लिकनें मोठ्या युक्तीनें दूर केली. पुष्कळ वेळां विभागलेल्या पुरुषपेशी व थोड्या वेळां विभागलेल्या स्त्रीपेशी त्यानें एकाच पात्रांत ठेविल्या. पात्र एक, अन्न एक. तरी जुन्या पुरुषपेशी आपल्या ठरल्या वेळीं थांबल्या व तरुण स्त्रीपेशी वाढत राहिल्या. तेव्हां मोजमाप बाहेर नसून पेशीच्या आंतच आहे, हें सिद्ध झालें. कॅरेलच्या पात्रांत अन्नरसाबरोबर नव्या पेशी नकळत जात असाव्या, असें आतां मानितात.

हें मोजमाप कोठें ठेविलें आहे? प्रत्येक पेशींत गुणसूत्रें म्हणून धागे असतात व त्यांत शरीराची सर्व घडण लिहिलेली असते. दोर उसवूं नये म्हणून शेतकरी त्याच्या टोकाला गांठ मारितो; तशी ह्या धाग्यांच्या टोकांना एक जोडणी आहे. तिला टेलोमीर म्हणतात. पेशी विभागली कीं टोक थोडें झिजतें. फार झिजलें म्हणजे पेशी थांबते. हीं टोकें पुन्हा भरून काढणारें द्रव्यहि आहे. कॅरल ग्रायडर ह्या विद्यार्थिनीला आपल्या गुरू एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांच्या प्रयोगशाळेंत त्याची पहिली खूण १९८४ सालच्या नाताळाच्या दिवशीं, तळ्यांतील एका सूक्ष्म जीवाच्या पेशींत दिसली. त्या द्रव्यास टेलोमरेज हें नांव मिळालें, आणि ह्या दोघी व जॅक शोस्टाक ह्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

येथें वाचक म्हणेल, असें द्रव्य आहे तर तें सर्व पेशींना भरपूर मिळालें असतें तर किती बरें झालें असतें! परंतु हेंच द्रव्य शंभरापैकीं सुमारे पंचाऐंशी ते नव्वद कर्करोगांच्या गांठींत जागें झालेलें आढळतें. कर्करोग म्हणजे बाहेरून शिरलेला प्राणी नव्हे. ज्या पेशीला थांबणें ठाऊक नाहीं, ती आपलीच पेशी होय. निरोगी पेशीच्या लेखांत घातक बिघाड झाला, तर ती पुष्कळदां आपण होऊन कायमची थांबते. आपल्या अंगावरील साधा काळा तीळ घ्या. २००५ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, अशा तिळांच्या पेशींत पुष्कळदां कर्करोगास कारण होणारा बिघाड असतो. तरी त्या थांबलेल्या असतात, म्हणून तीळ तीळच राहतो. ज्या खुणेकडे आपण आरशांत सहज पाहतों, तेथें कदाचित् एक लढाई होऊन गेली आहे व ती जिंकली गेली आहे. थांबणें हें पेशीचें दुर्बळपण नव्हे; तें शरीराचें रक्षण आहे.

परंतु सत्य येथेंच संपत नाहीं. अमेरिकेंतील ज्युडिथ कॅम्पिसी ह्या विदुषीनें, ज्या २०२४ सालीं निवर्तल्या, आपलें आयुष्य ह्या थांबलेल्या पेशींच्या अभ्यासांत घालविलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, थांबलेली पेशी मुकी राहत नाहीं. ती अनेक द्रव्यें बाहेर सोडिते. तरुण शरीरांत हीं द्रव्यें जखम भरण्यास साहाय्य करितात व मग त्या पेशी काढून टाकिल्या जातात. वार्धक्यांत मात्र त्या सांचत जातात; त्यांच्या द्रव्यांनीं शेजारच्या पेशींस दाह होतो, आणि जो कर्करोग टाळावयाचा त्यालाच कधीं कधीं खतपाणी मिळतें. तारुण्यांत जो राखणदार, तोच म्हातारपणीं घरास ओझें होतो. ही गोष्ट उपदेशकानें लपवूं नये. सृष्टींतील प्रत्येक व्यवस्था सर्व काळीं सुखकारकच आहे असें शिकविणारा लोकांस फसवितो, आणि पहिल्या संकटांत त्यांचा विश्वास ढांसळतो.

आतां ह्यावरून काय घ्यावें? पेशीला विवेकबुद्धि नाहीं. ती पाप करीत नाहीं व पुण्यहि करीत नाहीं. म्हणून तिला आपला गुरू करूं नये. परंतु दृष्टांत म्हणून तिच्याकडे पाहण्यास हरकत नाहीं. प्रेषित पौलानें शरीराच्या अवयवांवरूनच मंडळीला एकीचा धडा दिला होता.

पहिला बोध हा कीं, वाढ ही स्वतः चांगली नव्हे. कोणासाठीं वाढ, हें पाहिलें पाहिजे. पाणी फार झालें म्हणजे पीक माजतें; पाला दिसतो, दाणा भरत नाहीं. आपण मात्र वाढीलाच आशीर्वाद म्हणतों: जमीन वाढली, मान वाढला, पंचमंडळींत शब्द वाढला, म्हणजे देव प्रसन्न. जी पेशी सर्व अन्न आपल्याकडे ओढिते व शेजारणीला उपाशी ठेविते, ती कांहीं काळ सर्वांत जोमदार दिसते. आणि शेवटीं ज्या शरीरानें तिला पोसलें त्याच्यासह मरते.

दुसरा बोध वृद्धांसाठीं आहे, आणि ज्यांस लवकरच वृद्ध व्हावयाचें आहे त्या आम्हां मध्यमवयीनांसाठींहि आहे. काम थांबविणें पुरेसें नाहीं. थांबल्यावर आपल्यापासून शेजाऱ्यांस काय मिळतें, हा खरा प्रश्न आहे. मोशे नबो पर्वतावर चढला, देश डोळ्यांनीं पाहिला, आणि त्यांत पाऊल न टाकितां मरण पावला. परंतु त्यापूर्वीं त्यानें यहोशवावर हात ठेवून त्यास धीर दिला होता. कित्येक वडील मंडळींचें काम सोडितात, पण कुरकुर सोडीत नाहींत. नव्या उपदेशकाच्या प्रत्येक कामांत आंबटपणा मिसळितात. तरुणांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, मनुष्य पेशी नव्हे. थकलेल्या पेशी काढून टाकणारीं औषधें शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत, व तें काम करण्यासारखें आहे. परंतु थकलेल्या मनुष्यास घराच्या कोपऱ्यांत टाकणें हें पाप आहे.

तिसरा बोध सर्वांत मोठा आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हेन्रिएटा लॅक्स नांवाची, तंबाखूच्या शेतांत राबून वाढलेली एक कृष्णवर्णी माता गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें वयाच्या ३१ व्या वर्षीं मरण पावली. तिच्या गांठींतील पेशी तिची संमति न घेतां ठेवून घेण्यांत आल्या. त्या पेशी थांबल्या नाहींत. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजहि दुपटत आहेत. पोलिओच्या लशीची परीक्षा करण्याच्या कामीं त्यांचा उपयोग झाला व लाखों लोकांस लाभ झाला. तिच्या मुलांस मात्र कित्येक वर्षें त्याची वार्ताहि नव्हती. हा अन्याय विसरूं नये. परंतु आणखी एक गोष्ट पाहा: तिच्या पेशींस मरण नाहीं, म्हणून ती जगली काय? तिनें आपल्या लेंकरांस पुन्हा जवळ घेतलें काय? न संपणें म्हणजे जीवन नव्हे. आपण ज्याला सार्वकालिक जीवन म्हणतों, तें ह्या श्वासाला लांबी देणें असतें, तर कर्करोगाची पेशी आपल्यापेक्षां त्याच्या अधिक जवळ असती. ख्रिस्त जें देतो, तें देवाशीं जोडलेलें व मरणांतून उठविलेलें जीवन आहे. गव्हाचा दाणा मातींत पडून मरतो, तेव्हांच कणीस येतें, असा दृष्टांत त्यानें दिला, आणि वधस्तंभावर तो आपणच खरा करून दाखविला.

आतां आरंभींच्या कठोर प्रश्नाकडे वळूं. हेन्रिएटाच्या रोगाचें मूळ पुढें कळलें: एक विषाणु, जो पेशीचा थांबण्याचा गुण निकामी करितो. हा विषाणु व गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन ह्यास २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु इतका सर्वसाधारण आहे कीं, तो लागणें हा कोणा स्त्रीच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. तेव्हां तिच्या बिछान्यापाशीं उभें राहून पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं असाच हिशेब विचारला, तेव्हां प्रभूनें तो दोष त्याच्यावरहि ठेविला नाहीं व त्याच्या आईबापांवरहि ठेविला नाहीं. त्यानें त्याचे डोळे उघडले.

आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यांतील, ज्यास आतां धाराशिव म्हणतात, खेड्यांमधील ३० ते ५९ वर्षें वयाच्या सुमारे १ लक्ष ३१ हजार स्त्रियांवर १९९९ सालापासून एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला: ज्या गांवांत ह्या विषाणूची एक वेळ तपासणी व जरूर तेथें उपचार झाले, तेथें ह्या कर्करोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यावर आले. एका तपासणीनें इतकें होतें! मुलींसाठीं प्रतिबंधक लसहि आहे. म्हणून उपदेशक बंधूंनो व बायबल-स्त्रियांनो, येत्या स्त्रियांच्या सभेंत ही गोष्ट लाज न बाळगतां सांगा. तपासणीस जाणें हा अविश्वास नव्हे. जी बहीण भीतीनें गप्प बसली आहे, तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. आणि जिचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, तिच्याजवळ हिशेब न मागतां बसा.

ज्यानें आमच्या शरीराला वाढण्याची व थांबण्याची वेळ नेमून दिली, तो प्रभु आम्हांस योग्य वेळीं वाढावयास व योग्य वेळीं बाजूस होऊन दुसऱ्यास जागा द्यावयास शिकवो. आमेन.