पडद्यामागचे सूर आणि त्यांचे दायित्व

आपल्या घरांत लग्नकार्य निघाले की कपाटातली पैठणी बाहेर येते. ती येवल्याची की पैठणची यावर चर्चा रंगते, विणकराच्या हाताची वाखाणणी होते. परंतु पदरातली जर कोठली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक ती पुष्कळदा आपल्याच सुरतेची असते. येथील कारागीर धातूची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करतो, ती चपटी करतो, धाग्यावर गुंडाळतो, तिला मुलामा चढवितो आणि दुसऱ्या कोणाच्या मागाकडे रवाना करतो. पुढे पदरावर मोर उठतो तो पैठणीचा. तार ओढणाऱ्याचे त्यात काय उरले, हा प्रश्न सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हांस फार पूर्वीच पडावयास हवा होता. तो पडला मात्र एका संगीतकारामुळे.

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत भास्कर चंदावरकर यांच्याविषयी बोलणे निघाले होते. १९३६ साली जन्मलेले आणि २००९ साली निवर्तलेले चंदावरकर मूळचे सतारवादक, पं. रविशंकरांचे शिष्य. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, आणि संगीतावर मराठीत मार्मिक लेखनही केले. परंतु त्यांचे नाव झाले ते नव्या नाटकांना व नव्या चित्रपटांना दिलेल्या संगीतामुळे. बैठकीतील एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, “सतार धरून बसले असते तर कलावंत म्हणून गणले गेले असते. चित्रपटांनी त्यांचा कारागीर केला.” त्या वेळी आम्ही मान डोलावली. घरी परतताना मात्र ती मान आम्हांस बोचू लागली.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९७०च्या आसपास आपल्याकडे चित्रपटांची एक नवी लाट आली. तीत गाण्यांसाठी कथा नव्हती, तारे-तारकांसाठी प्रसंग नव्हते. या लाटेतील दिग्दर्शकांना संगीतही निराळे हवे होते. गिरीश कर्नाड व ब. व. कारंत यांचा कन्नड ‘वंशवृक्ष’ (१९७१), कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ (१९७२), जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७५), अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’ (१९८१), मृणाल सेन यांचा ‘खंडहर’ (१९८४), हे सारे चंदावरकरांच्या संगीताने नटलेले. नटलेले म्हणणे खरे तर चूकच. कारण नटविणे हेच त्यांनी टाळले. कन्नड, हिंदी, मराठी अशा भाषा बदलल्या, प्रदेश बदलले, दिग्दर्शकांचे स्वभाव बदलले. प्रत्येक वेळी हा सतारिया दुसऱ्याच्या चित्राशेजारी जाऊन बसला आणि त्या चित्राला काय हवे ते ऐकू लागला. त्यांच्या गुरूंनीही सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’साठी (१९५५) हेच केले होते. त्या संगीतामुळे रविशंकर लहान झाले, असे कोणी म्हटल्याचे आमच्या कानी नाही.

स्वतंत्र मैफलीत कलावंत स्वतःचा धनी असतो, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. तेथे राग आपली मर्यादा घालतो, ताल आपली घालतो, समोरचा श्रोता आपली घालतो. मर्यादा नाही असे कलेचे एकही घर नाही. तेव्हा दुसऱ्याच्या चौकटीत काम केल्याने कला उणी ठरते, हा आमच्या स्नेह्यांचा आक्षेप फार वेळ टिकत नाही. ‘सामना’त आरती प्रभूंचे गीत रवींद्र साठे यांच्या आवाजात येते. ते चित्रपटासाठीच बांधलेले. परंतु आज चित्रपट न पाहिलेला मनुष्यही ते ऐकून अस्वस्थ होतो. जर पदरातून सुटी काढली तरी ती जरच असते.

परंतु खरा प्रश्न याच्या पुढचा आहे, आणि तो प्रतिष्ठेचा नसून नीतीचा आहे. आपले कसब दुसऱ्याच्या हेतूला वाहिल्यावर त्या हेतूचे पाप-पुण्य आपल्याकडे किती येते? चित्र दिग्दर्शकाचे, शब्द लेखकाचे, मी केवळ सूर दिले, असे म्हणून संगीतकारास बाजूला होता येईल काय?

हा प्रश्न आम्ही संगीतकारांच्या काळजीने विचारीत नाही. राज्य सरकारच्या सेवेत आमची तीन दशकांहून अधिक वर्षे मसुदे लिहिण्यात गेली. मराठीतला ‘मसुदा’ आणि गुजराती कचेरीतला ‘मुसद्दो’ हे एकाच घरचे शब्द. मसुदा आमचा, सही वरिष्ठांची, आदेश शासनाचा. आमची गुजराती भाषा चांगली आहे, अशी ख्याती होती, आणि अवघड कागद आमच्याकडे येत. एकदा नदीकाठच्या काही झोपड्या हटविण्याची नोटीस आमच्याकडे आली. ती आम्ही फार सुरेख लिहिली. लोकहित, सुरक्षितता, सहकार्याची अपेक्षा, योग्य त्या विचाराचे आश्वासन, सारे काही तीत होते. वरिष्ठ प्रसन्न झाले.

काही दिवसांनी एक वृद्ध बाई तो कागद घेऊन कचेरीत आली. खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबातली. आम्ही मराठी आहोत असे शिपायाने तिला सांगितले होते. तिने कागद पुढे केला आणि वाचून दाखविण्यास विनविले. आम्ही आमचेच वाक्य न् वाक्य मराठीत करून तिला ऐकविले. ती शांतपणे ऐकत राहिली. शेवटी तिने विचारले, “म्हंजे घर पाडनार का, साहेब?” आम्ही होय म्हणालो. तिने कागदाची घडी केली. “मंग आसं लिवायचं ना,” एवढेच म्हणून ती निघून गेली.

निर्णय आमचा नव्हता. तो रोखणेही आमच्या हाती नव्हते, आणि नदीच्या पुराचा धोका खरा होता. हे सारे आम्ही वर्षानुवर्षे स्वतःस सांगितले. परंतु त्या निर्णयाला जे पार्श्वसंगीत लागले होते ते आमचे होते. घर पडण्याचा आवाज त्या बाईच्या कानी वेळेवर जाऊ नये, इतके ते मधुर होते.

म्हणूनच चंदावरकरांचे ‘घाशीराम कोतवाल’चे संगीत आठवते तेव्हा आम्ही त्याच्यापुढे आरोपीसारखे उभे राहतो. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. ओळीने उभे असलेले ब्राह्मण क्षणात भिंत होतात, क्षणात गाणारा समूह होतात. कीर्तनाला जातो असे सांगणारा बावनखणीची वाट धरतो, आणि नामघोष व लावणी एकमेकींच्या अंगाला अंग लावून उभ्या राहतात. तेथील सूर अवीट गोड आहेत. आणि त्या गोडव्यातच त्यांची धार आहे. कारण भक्तीची चाल जितकी निर्मळ, तितके तिच्या आडचे क्रौर्य उघडे पडते. प्रेक्षक डोलू लागतो, आणि आपण कशावर डोलतो आहोत हे उमगताच दचकतो.

गोडवा त्या संगीतात होता आणि आमच्या नोटिशीतही होता. तेथे गोडव्याने दाखविले, येथे झाकले. दुसऱ्यासाठी काम करणाऱ्याच्या नीतीची कसोटी आम्हांस येथे सापडते. नाव कोणाचे, सही कोणाची, चौकट कोणी आखली, या गोष्टी गौण होत. आपल्या कसबामुळे समोरच्या मनुष्याला सत्य अधिक स्पष्ट दिसले की कमी, एवढेच विचारावयाचे. आणि जो श्रेयाचा वाटा मागतो त्याला दोषाचा वाटा नाकारता येणार नाही. चांगल्या कागदांच्या वेळी ‘मसुदा आमचा होता’ असे आम्ही मित्रांत सांगत आलो. तर मग तोही कागद आमचाच होता.

यावर कोणी म्हणेल की, पोटासाठी राबणाऱ्या कारकुनाला इतके स्वातंत्र्य कोठले? खरे आहे, मोठे स्वातंत्र्य नसतेच. परंतु लहान असते. कोठे वाजवावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे चित्रपटाच्या संगीतकारालाही काही अंशी ठरविता येते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याचे संगीतही चंदावरकरांचे. शस्त्रक्रियेने दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा जग दाखवावयास नेतात, अशी ती कथा. अशा कथेवर सारंग्यांचा पूर आणणे किती सोपे होते! तसे झाले नाही. दुःख आपल्या पायांवर उभे राहू शकते, यावर तेथे विश्वास ठेवला आहे. तेवढा विश्वास आम्हीही त्या वृद्ध बाईवर ठेवू शकलो असतो. ‘अमुक तारखेस आपले घर पाडण्यात येईल’ हे वाक्य पहिल्या ओळीत लिहिण्यास आम्हांस कोणी मनाई केली नव्हती. तिला आवराआवर करावयास चार दिवस अधिक मिळाले असते.

त्या ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही पुढील बैठकीत सांगणार आहोत की, कारागीर हा शब्द त्यांनी उणेपणाने वापरला, तो आम्हांस मान्य नाही. मात्र कारागीर म्हटल्याने सुटका होत नाही, हेही सांगावे लागेल. ते सांगताना त्या नोटिशीची गोष्ट टाळावी, असा मोह होईल. ती येथे लिहून टाकली, ती त्यासाठीच.