ताटाची डावी बाजू

ताट पुढ्यात घ्या. घास लगेच उचलू नका, आधी नुसतं पाहा. भाकरी नाही, भाताची मूद नाही, वरण नाही. पिष्ट कमी आणि स्निग्ध जास्त असं खायचं तुम्ही ठरवलंय, म्हणून ताटाचा मधला भाग मोकळा दिसतोय. त्या मोकळ्या जागेवर नजर ठेवा आणि सावकाश स्वतःला विचारा: भाकरीबरोबर इथून आणखी काय काय उठून गेलं?

बाजरीच्या भाकरीत पिष्ट होतं, तसं मॅग्नेशियम होतं, लोह होतं, ब१ जीवनसत्त्व होतं आणि पोट साफ ठेवणारा चोथाही होता. वरणातून प्रथिनं, फोलेट, पोटॅशियम मिळायचं. हे सगळं आपसूक पोटात जात होतं, म्हणून त्याचा हिशेब कधी ठेवावा लागला नाही. आता ठेवावा लागेल.

ती जागा भरायला हात आधी तुपाकडे जातो. स्निग्धाच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात, पिष्टाच्या ग्रॅममधून चार. भूक भागते. पण तुपात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि चोथा तर नाहीच. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी असा आहार सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. आजही त्या उपचारात मुलांना जीवनसत्त्वं आणि खनिजं वेगळी द्यावी लागतात. काटेकोर तोलून दिलेल्या अन्नातही ती कमी पडतात. मग घरी अंदाजाने खाताना किती जपायला हवं, यावर क्षणभर थांबा.

आता लक्ष शरीराकडे न्या. डोकं जड आहे का? उठताना भोवळ येते का? रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का? पहिल्या आठवड्यात हे पुष्कळांना होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन संपत जातं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमने साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही जातं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. वजनाचा काटा सुरुवातीला झरझर खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे. त्या आकड्यावर भाळू नका. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहून भागत नाही. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक घोट घोट घ्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा डोक्याकडे, पोटऱ्यांकडे लक्ष द्या.

रक्तदाबाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र मीठ मनाने वाढवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पिष्ट कमी करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातली साखर धोका होईल इतकी उतरू शकते. काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल चढतं, तेही तपासून घ्यावं.

पुन्हा ताटाकडे या. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, आणि तीही जराशीच. माझं मत ठाम आहे: या आहारात डावी बाजू मोठी व्हायला हवी. अंडी आणि पनीर यांतून न मिळणारं क जीवनसत्त्व कोबीच्या कोशिंबिरीत आहे, वर पिळलेल्या लिंबात आहे. सालासकट तिळाच्या चटणीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जवसाच्या चटणीत चोथा आणि ओमेगा-३. जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

प्रथिनांकडे वळा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम हवीत. एका अंड्यात सहाच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. बांगडा खाणाऱ्याचं काम सोपं, त्यातून ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वही मिळतं. शाकाहारी माणसाची खरी ओढाताण इथे होते. त्याने पिष्ट थोडं वाढलं तरी दोन-तीन चमचे मटकीची उसळ ठेवावी असं मला वाटतं. पिष्टाचा आकडा पाळण्यापायी कडधान्य पार हद्दपार करू नये.

उजवीकडची मेथी किंवा पालक वाटीभर न घेता दोन वाट्या घ्या. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्व होणारं कॅरोटीन शरीरात नीट शोषलं जायला स्निग्ध लागतं. म्हणून तुपाचा चमचा तिथे सोडा. कोशिंबिरीपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक घास चावून संपल्यावरच पुढचा घ्या.