दाद मागायची कुठल्या भाषेत?

इराणी माणूस आपल्या भाषेला ‘फारसी’ म्हणतो. मुळात ती पार्स प्रांताची, म्हणून पारसी. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे अरब जेत्यांच्या तोंडी पार्सचे फार्स झाले आणि जितांनीही तेच उचलले. पुढे ही भाषा अरबी लिपीत लिहायची वेळ आली तेव्हा प, च, ग यांच्यासाठी वेगळी अक्षरे घडवली गेली. ‘प’ असा लिपीत परतला, पण भाषेच्या नावात मात्र काही परतला नाही. मुंबईच्या पारशांनी तो आपल्या नावात सांभाळून ठेवला आहे.

शेवटचा सासानी बादशहा यज्दगर्द तिसरा 651 मध्ये मर्वजवळ मारला गेला. राज्य बुडाले, तरी इराकचे सरकारी दप्तर त्यानंतरही कितीतरी वर्षे पहलवीत, म्हणजे सासानी काळच्या फारसीतच, चालू होते. सारा कसा आकारायचा, वसूल कसा मांडायचा हे इराणी कारकुनांनाच ठाऊक होते. सातव्या शतकाच्या अखेरीस, हज्जाज बिन यूसुफच्या सुभेदारीत, हे दप्तर अरबीत आणायचे ठरले. ते काम सालिह नावाच्या कारकुनाने अंगावर घेतले, आणि हा सालिहही इराणी वंशाचाच. बलाझुरी या नवव्या शतकातल्या इतिहासकाराने पुढची हकिकत दिली आहे. एका जुन्या कारकुनाचा मुलगा मर्दानशाह याने सालिहला अपूर्णांकांवरून अडवले: दहावा हिस्सा अरबीत कसा लिहिणार? सालिहने तिथल्या तिथे अरबी शब्द सांगितले. मग इराण्यांकडून लाख दिरहम पुढे आले. जमत नाही एवढेच सांग, म्हणाले. तो बधला नाही. अरबांनी सासानींना हरवले त्या कादिसियाच्या लढाईवर ग्रंथ लिहिले गेले, पण मला हा अपूर्णांकांचा सवाल जास्त अस्वस्थ करतो. त्या उत्तरासरशी मर्दानशाहच्या घराण्याची विद्या निरुपयोगी ठरली.

इराणी विद्वान मग अरबीत शिरले आणि तिथे मालकासारखे वावरले. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सीबवैह शीराजजवळचा. अल्-बिरूनीची मातृभाषा ख्वारज्मी. त्याने तर लिहून ठेवले आहे की फारसीतल्या स्तुतीपेक्षा अरबीतली निंदा परवडली. (असे आपल्याकडे इंग्रजीबद्दल मनातल्या मनात म्हणणारे बरेच आहेत. बिरूनी निदान उघड म्हणाला.)

फारसी परत आली ती वेगळ्याच दाराने. सीस्तानचा याकूब बिन लैस हा जातीचा तांबट, तलवारीच्या जोरावर राजा झालेला. कवींनी अरबीत त्याची स्तोत्रे गायली तेव्हा त्याने विचारले, मला कळत नाही ते माझ्यापुढे कशाला म्हणता? ‘तारीख-ए-सीस्तान’ म्हणते की तिथून दरबारी कविता फारसीत सुरू झाली. दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या सामानी राजांनी तबरी या इतिहासकाराचा प्रचंड अरबी इतिहास फारसीत आणवला. त्याचे कुराणभाष्य आणण्याआधी तर असे भाषांतर धर्माला चालते का, हे उलेमांना रीतसर विचारून घेतले. इब्न सीनाने इस्फहानच्या राजासाठी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ फारसीत लिहिला आणि त्यासाठी शब्द पाडले. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ 1010 मध्ये पुरा झाला, तोवर भाषा चालती-बोलती झालेली होती. त्याने एकट्याने फारसी वाचवली ही समजूत सुखद आहे, एवढेच. अरबी शब्द त्याच्याकडे फार कमी, पण आहेत.

‘शुद्ध फारसी’चा ध्यास त्यानंतर बऱ्याच शतकांनी लागला, आणि त्याचा एक धागा चक्क आपल्या भागातून जातो. आझर कैवान या गूढपंथी गुरूच्या हिंदुस्थानातल्या वर्तुळात ‘दसातीर’ नावाचा ग्रंथ तयार झाला. प्राचीन प्रेषितांची वचने एका अगम्य ‘दैवी’ भाषेत, आणि खाली अरबीचा स्पर्श नसलेल्या फारसीत टीका. दोन्ही रचलेली. त्यातले बनावट शब्द 1652 च्या सुमारास गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत सिद्ध झालेल्या ‘बुर्हान-ए-कातिअ’ या कोशात शिरले. 1818 मध्ये मुंबईच्या मुल्ला फिरोज या पारशी दस्तुरांनी मूळ ग्रंथ मोठ्या श्रद्धेने छापला. तिकडे इराणात काजार राजपुत्र जलालुद्दीन मिर्झासारखे लेखक हे शब्द पूर्वजांचे धन समजून वापरू लागले. इराणी विद्वान पूर-ए-दावूद यांनी पुढे हे बिंग फोडले. पण ‘तीमसार’ हा दसातीरी शब्द तोवर इराणी सेनापतींचे अधिकृत संबोधन होऊन बसला होता.

रझाशाहच्या राजवटीत 1935 मध्ये ‘फरहंगिस्तान’ ही भाषासंस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष मोहम्मद अली फरूगी स्वतः सबुरीचे होते. अरबी शब्द सरसकट हाकलावेत असे त्यांना वाटत नव्हते. तरी ‘अदलिया’ जाऊन ‘दादगुस्तरी’ आली, ‘बलदिया’ जाऊन ‘शहरदारी’ आली, आणि दोन्ही टिकल्या. याच सुमारास आपल्याकडे सावरकरांच्या भाषाशुद्धीत ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ येत होता. आपण फारसी म्हणून घालवत होतो तो ‘तारीख’ शब्द इराण्यांच्या लेखी अरबी! माधव जूलियन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. फारसीचे प्राध्यापक, 1925 च्या फारसी-मराठी कोशाचे कर्ते, मराठीत गझल रुजवणारे. आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तकही त्यांचेच. याला विसंगती म्हणायला मी तयार नाही. ज्याला शब्दाचे कूळ ठाऊक असते, त्याला तो ठेवण्याचा किंवा टाकण्याचा निदान अधिकार असतो.

‘दादगुस्तरी’तला ‘दाद’ म्हणजे न्याय. दारियसच्या शिलालेखांत तो ‘दात’ असा, कायदा या अर्थाने येतो. त्याचा धातू म्हणजे संस्कृतातला ‘धा’, ठेवणे; ‘विधी’ आणि ‘विधान’ त्यातूनच निघाले. इराणने जो शब्द मोठ्या खटपटीने न्यायखात्याच्या पाटीवर बसवला, तो आपला शेतकरी मामलेदाराकडे दाद मागताना सहज बोलत आला आहे. शुद्धीच्या चाळणीत ‘दाद’ परका आणि ‘विधान’ स्वकीय ठरतो. धातू बिचारा एकच.

1979 च्या क्रांतीनंतर अरबी ही धर्मभाषा म्हणून डोक्यावर घेणाऱ्या राजवटीनेही फरहंगिस्तान नव्याने उभे केले. आता मोर्चा पाश्चात्त्य शब्दांकडे वळला. मोबाइलवरच्या संदेशाला दिलेला ‘पयामक’ लोकांनी आनंदाने घेतला. कॉम्प्युटरचे ‘रायानेह’ सरकारी कागदांवर दिसते, बोलण्यात मात्र कॉम्प्युटरच. पिझ्झ्यासाठी सुचवल्याचे सांगितले जाते त्या ‘कश-लुकमे’ची यथेच्छ टवाळी झाली, आणि त्यातला ‘लुकमा’ पुन्हा अरबीच. ‘तीमसार’ शाही लष्कराबरोबर गेला. आज इराणी सैन्यातल्या सेनापतीला ‘अमीर’ म्हणतात आणि क्रांतिरक्षक दलातल्या सेनापतीला ‘सरदार’. पहिला अरबी, दुसरा अस्सल फारसी, आणि आपल्या बखरींच्या वाचकाला दोघेही घरचेच.