कसोटीची कसोटी

सोन्याचा कस दगडावर लागतो. त्या दगडाचा कस कशावर लावावा? क्षयाच्या चाचण्यांविषयी वाचताना हा प्रश्न मला सोडीना. लहान मुलाला थुंकी काढून देता येत नाही, आणि त्याच्या अंगी जंतूही थोडे असतात. प्रयोगशाळेत ते वाढले नाहीत, म्हणून मूल निरोगी ठरते काय? जंतू वाढवून पाहणे हेच प्रमाण मानले, तर तिच्याहून तीक्ष्ण नजरेची नवी चाचणीच खोटी ठरेल! आम्हा मास्तरांना हे नवे नाही. नमुन्याचे उत्तर चुकले की हुशार मुलाचेच गुण जातात.

१९८० साली हुई आणि वॉल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी वाट दाखविली. रोगाचे प्रमाण निरनिराळे असलेल्या दोन समूहांवर दोन चाचण्या कराव्यात. त्यांचे मेळ आणि मतभेद मोजले की, सत्य ठाऊक नसतानाही दोघींच्या चुकांचा अंदाज निघतो. मात्र चाचणीचा स्वभाव दोन्हीकडे सारखा हवा, आणि दोघींनी आपापल्या कारणाने चुकावे. त्यांच्या उदाहरणातल्या मांटू आणि टाइन या दोन्ही चाचण्या ट्युबरक्युलीनच्याच. बीसीजी टोचलेल्या अंगावर दोघी एकदम फसू शकतात. एका घरच्या दोन साक्षीदारांचे एकमत न्यायाधीश कितीसे मानील?

डॉक्टरसमोर तर खोकणारे पोर असते. उगाच औषध दिले तर काही महिन्यांच्या गोळ्या. न दिले तर रोग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. या दोन चुकांचे वजन गणित सांगत नाही. ते ठरविताना त्या पोराच्या आईलाही विचारावे, असे मला वाटते.