दीर्घसूत्री कर्ता आणि नित्यलेखन

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे मोजताना ‘अलस’ हा शब्द येऊन गेल्यावरही ‘दीर्घसूत्री’ हा आणखी एक शब्द योजिला आहे. आळशी आणि दीर्घसूत्री एकच असते तर ही द्विरुक्ती ठरली असती. आळशाला कर्मच नको असते. दीर्घसूत्र्याला ते हवे असते, त्याची थोरवीही पटलेली असते. मात्र आरंभ तो उद्यावर नेऊन ठेवतो. दिवसभर इतर पुष्कळ कामे तो उत्साहाने उरकतो, म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही आणि तोही स्वतःस तसे समजत नाही. या शब्दाच्या लगतच ‘विषादी’ हा शब्द आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. टाळलेले कर्म मनात सलत राहते, त्यातून खिन्नता येते आणि खिन्न मनाला तेच कर्म आदल्या दिवसाहून जड वाटू लागते.

लेखनकर्माला हा दोष विशेष जडतो. वाफसा गेला की पेरणी गेली, हे शेतकऱ्याला भूमीच सांगते. लिहिणाऱ्याला असे सांगणारे कोणी नसते. आज न लिहिलेले पान उद्याही तसेच कोरे मिळते. त्यामुळे काही गमावले असे वाटतच नाही. वस्तुतः पान तसेच राहते, पण त्यावर जे उतरावयाचे ते तसे राहत नाही.

म्हाइंभटांपुढे हाच प्रसंग होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर श्रीनागदेवाचार्य एकांती बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. तो ठेवा पुढील पिढ्यांना कसा लाभेल, ही चिंता म्हाइंभटांना वाटली; त्यांनी आचार्यांना विनवणी केली आणि ऋद्धिपुरास लीळाचरित्राचे लेखन सुरू झाले. हा काळ सामान्यतः इ.स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. स्वामींचे सन्निधान लाभलेली माणसे तेव्हा हयात होती, परंतु ती गावोगाव विखुरलेली होती आणि वयाने उतरत होती. ‘सवड झाली म्हणजे लिहू’ हा विचार तेथे केवळ स्वतःपुरता राहिला नसता. जे दुसऱ्याच्या स्मरणात आहे त्याचा काळ लिहिणाऱ्याच्या हाती नसतो. त्याने केलेली चालढकल दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा होते. म्हणूनच दीर्घसूत्रीपणाला केवळ दुर्बलता म्हणून भागत नाही, त्यात अन्यायाचाही अंश आहे.

आता कोणी म्हणेल, म्हाइंभटही थांबलेच की! ज्याच्या संबंधात लीळा घडली त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती पडताळून घेतली; त्यात पुष्कळ काळ गेला. मग हा विलंब आणि दीर्घसूत्र्याचा विलंब यांत भेद कोणता? भेद असा की म्हाइंभटांच्या थांबण्यात एक पाऊल होते. अमुक गोष्ट संशयित आहे, अमुक माणसाला विचारावयाची आहे, त्यासाठी अमुक गावी जावयाचे आहे, इतके ते थांबणे निश्चित होते. दीर्घसूत्री मात्र ‘अजून तयारी नाही’ एवढेच म्हणतो. तयारीसाठी उद्या सकाळी काय करणार, असे विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसते. स्वतःची परीक्षा घ्यावयास हा एक प्रश्न पुरतो.

संशय फिटल्यावाचून लिहू नये, हीही एक सोज्ज्वळ दिसणारी पळवाट आहे. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयीची भिन्न स्मरणे ‘वासना’ म्हणून जागोजाग नोंदलेली आढळतात. संशय होता तर तो संशय म्हणून लिहिला गेला, आणि लेखन पुढे चालले.

ग्रंथाची घडणही पाहावी. लीळा बहुधा लहान असते. काही तर चार-सहा वाक्यांत संपतात. अशा शेकडो लहान लीळांचा मिळून एवढा थोर ग्रंथ झाला आहे. ‘ग्रंथ लिहावयाचा आहे’ या विचाराने हात गळतो. ‘एक प्रसंग लिहावयाचा आहे’ म्हटले की लेखणी उचलवते. नित्यलेखनाचे माप याच बेताचे असावे: आजारी दिवशीही पुरे होईल इतके. उत्साहाच्या दिवशी दहा पाने लिहून पुढे आठ दिवस वहीला न शिवणाऱ्यापेक्षा रोज ठरल्या जागी, ठरल्या वेळी अर्धे पान लिहिणाऱ्याचे काम पुढे जाते. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहिण्याचा दंड स्वतःला लावू नये. असा दंड साचत जातो आणि मग वहीचीच भीती वाटू लागते.

नित्याचे लेखन यांत्रिक होते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. नेमाने लिहिलेल्यातले बरेचसे नीरस निघते. पण नामस्मरणातही रोजच मन लागते असे कोणता साधक म्हणेल? मन लागेल त्या दिवशी तो आसनावर असतो, इतकेच नेमाचे काम. मन लागण्याची वाट पाहत अंगणात फिरणाऱ्याला तो दिवस आलेलाही कळत नाही.

अनेक घरांत आजही हेच चालले आहे. वृद्ध आजीच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या आहेत, गावच्या दुष्काळाच्या, पुराच्या आठवणी आहेत. ‘दिवाळीच्या सुटीत बसून सगळे लिहून काढू’ असे ठरते. ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे, तरीही सुटी तशीच सरते. एका सायंकाळी एक ओवी, एवढ्या मापाने कोणी बसत नाही.

लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे खलशांच्या धाडीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तरीही ग्रंथ बुडाला नाही. लिहिला गेला होता म्हणून तो वाचला गेला होता, पाठ झाला होता. ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा बांधता आला. आज हाती असलेल्या पाठांपैकी एक हिराइसांच्या नावाने ओळखला जातो.